घरातील पत आणि ऋणाचा धर्म

एकाच्या नावाची पत घरातील दुसऱ्याने वापरावी काय, आणि वापरल्यास त्या ऋणाचा भार धर्मतः कोणावर पडतो, हा प्रश्न वरवर पाहता देवळाच्या पत्रिकेत चर्चिण्याजोगा वाटणार नाही. बँकेचा व्यवहार बँकेत व्हावा आणि देवळात नामस्मरण व्हावे, असे कित्येकांचे म्हणणे असते. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या बालाघाटसारख्या लहान शहरातही क्रेडिट कार्ड पुष्कळ घरांत शिरले आहे. भरवेलीच्या मँगनीज खाणीत किंवा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत पगारावर असलेली मंडळी, शिक्षक, कचेरीतील नोकरदार यांस तर बँकांचे प्रतिनिधी स्वतः होऊन फोन करतात. एक कार्ड आले की त्याच्या पाठोपाठ त्याच खात्यावर पत्नीसाठी, मुलासाठी, क्वचित म्हाताऱ्या आईवडिलांसाठी दुसरे कार्ड निघते. बँका त्यास ॲड-ऑन कार्ड म्हणतात. आम्ही येथे सोयीसाठी जोडकार्ड म्हणू. या जोडकार्डावरून घरात जे रुसवेफुगवे होतात, जी बोलणी बंद पडतात, त्यांची कुणकुण देवळाच्या ओट्यावर बसणारास लागल्यावाचून राहत नाही. तेव्हा हा प्रश्न आता पैशाचा कमी व गृहस्थधर्माचा अधिक झाला आहे, यास्तव तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली कार्डांविषयी जे सविस्तर निर्देश काढले त्यांत असे स्पष्ट सांगितले आहे की, जोडकार्ड हे मूळ धारकाने ज्याचे नाव सांगितले असेल त्यासच द्यावे, आणि त्यावरील देण्याची जबाबदारी मूळ धारकाची राहील. बँक मिळकत तपासते ती मूळ धारकाची. उधारीची मर्यादा सर्वसाधारणपणे दोन्ही कार्डांस मिळून एकच असते. बिल येते तेही एकच. म्हणजे हात दोन, परंतु मान एकच. पतीच्या नावावर लाखाची मर्यादा असेल आणि पत्नीने साठ हजारांची खरेदी केली असेल, तर पतीपाशी चाळीस उरले. आणि तारखेस भरणा झाला नाही, तर बँकेचा माणूस शोधीत येईल तो पतीला. ही गोष्ट कार्ड घेताना छापील कागदावर लिहिलेली असते, परंतु तो कागद वाचणारा मनुष्य आमच्या तरी पाहण्यात फारसा आला नाही.

आता ही कल्पना आपल्या लोकांस अगदीच नवी आहे असे नव्हे. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत घराच्या कर्त्याच्या नावाने एक पान असे, आणि त्या पानावर घरातील कोणीही जाऊन माल लिहून आणीत असे. आठ वर्षांचा पोरगाही "बाबांच्या नावावर लिहा" म्हणून गूळ घेऊन येई. धान विकले की पान फिटे. आमच्या भागात धानाच्या हंगामावर चालणारी ही उधारी खेड्यापाड्यांत अद्यापि चालू आहे. जगात १९५० साली न्यूयॉर्कला डायनर्स क्लबचे कार्ड निघाले आणि आपल्या देशात १९८० साली सेंट्रल बँक ऑफ इंडियाने आपले कार्ड काढले. परंतु एकाच्या नावावर घराने उधार आणणे ही रीत त्याच्या कितीतरी आधीची. फरक एवढाच की दुकानदार त्या घरास ओळखीत असे. पोराने एका आठवड्यात तीनदा पेढे लिहविले, तर दुकानदार चौथ्या खेपेस त्यास परत पाठवी आणि संध्याकाळी बापाच्या कानावर घाली. धाकट्या भावाने नेहमीपेक्षा अधिक माल उचलला, तर "दादांना विचारून या" असे तो सहज म्हणे. त्यात त्याचा स्वार्थ होता हे खरे, कारण बुडाले तर त्याचेच बुडणार होते. पण त्या स्वार्थाने घराची राखण होई. कार्डास हे काही कळत नाही. मर्यादा शिल्लक आहे तोपर्यंत ते कोणासही अडवीत नाही. जी राखण पूर्वी दुकानदार करीत असे, ती आता घरातल्यांनीच करावयाची आहे, आणि ती कशी करावी हे ठरविण्याची सवय आपणांस अद्याप लागलेली नाही.

या बाबतीत शास्त्र काय म्हणते? कित्येक गृहस्थ लगेच म्हणतात की, पतिपत्नींमध्ये माझे-तुझे नाहीच, तेव्हा कार्ड कोणाचे हा प्रश्नच अधर्म्य आहे. त्यांचे म्हणणे निराधार नाही. आपस्तंब धर्मसूत्रात म्हटले आहे की, पतिपत्नींमध्ये विभाग नाही. पाणिग्रहणापासून कर्मांत, पुण्याच्या फळांत आणि द्रव्याच्या संपादनात ती दोघे बरोबरीची. इतकेच नव्हे, तर पती प्रवासात असता पत्नीने प्रसंगोपात्त दान केले तर ती चोरी होत नाही, असेही सूत्रकाराने मुद्दाम सांगितले आहे. वडिलांनी आम्हास हे सूत्र प्रथम समजावून सांगितले तेव्हा, इतक्या प्राचीन काळी हा खुलासा करण्याची गरज सूत्रकारास का पडली असावी, याचे आम्हास नवल वाटले होते. बहुधा तेव्हाही एखादा पती गावाहून परतल्यावर डबा मोजीत असावा.

परंतु येथे एक शब्द नीट ध्यानात घेतला पाहिजे. सूत्रकार बोलतो ते द्रव्याविषयी. घरात आलेल्या, संपादन केलेल्या धनाविषयी. ऋणाचा विषय निघाला की धर्मशास्त्राची भाषा एकदम बदलते. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋण कोणी फेडावे याचा विचार फार बारकाईने केलेला आहे. पतीने केलेले अथवा पुत्राने केलेले ऋण स्त्रीने देणे लागत नाही; पुत्राने केलेले ऋण पिता देणे लागत नाही; स्त्रीने केलेले ऋण पती देणे लागत नाही; मात्र ते कुटुंबासाठी केलेले असेल तर गोष्ट वेगळी. स्त्रीने कोणते ऋण फेडावे? जे तिने पत्करले ते, जे पतीबरोबर मिळून केले ते, आणि जे स्वतः केले ते. याहून दुसरे नाही. गवळी, कलाल, नट, परीट व व्याध यांच्या स्त्रियांचे ऋण मात्र पतीने फेडावे असा अपवाद सांगून त्याचे कारणही दिले आहे की, त्या घरांची उपजीविका त्या स्त्रियांवर अवलंबून असते. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि महाराष्ट्रात काय किंवा आमच्या या वैनगंगेकाठच्या मुलखात काय, हिंदू घरांचा वारसा व वाटणी याच टीकेच्या आधारे शतकानुशतके चालली. म्हणजे हा काही आडबाजूचा ग्रंथ नव्हे.

सारांश काढण्याची घाई न करता या दोन वचनांकडे आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू. एकाच धर्मशास्त्रात द्रव्याला विभाग नाही, आणि ऋणाला मात्र नाव आहे, हेतू आहे, पत्करणे आहे. हा विरोध आहे काय? आम्हास तसे वाटत नाही. द्रव्य हे घरात आलेले असते. त्यातून एकाने अधिक खर्च केला तर फार तर ते संपेल. ऋण हे उद्याच्या श्रमावर लिहिलेले असते, आणि ते श्रम करणाऱ्या माणसाला त्याची वार्ता नसेल तर त्याच्या उद्याच्या दिवसाची न विचारता विक्री झाली असे होते. म्हणूनच भरलेल्या डब्यातून पत्नीने मूठभर तांदूळ न विचारता देणे ही चोरी नव्हे, आणि पतीने पत्नीस न सांगता तिच्या नावावर खत लिहिणे हे मात्र निंद्य. आज ज्या गोंधळाने घरे कष्टी होतात तो येथे आहे. कार्डाची मर्यादा पाहून घरातल्यांस वाटते की एवढे द्रव्य आपल्यापाशी आहे. बँकेचे पत्रही मोठ्या गोड भाषेत कळविते की आपली मर्यादा वाढविण्यात आली आहे, जणू पगारच वाढला. परंतु तो डब्यातला तांदूळ नाही. ते कोरे खत आहे, आणि त्यावर एकाची सही आधीच घेतलेली आहे.

त्या खताचे व्याज किती असते याचीही सर्वांस कल्पना असावी. पूर्ण बिल तारखेच्या आत भरले तर व्याज नाही. परंतु थोडी रक्कम शिल्लक ठेवली की बहुतेक बँका महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे सहज जाते. समजा चाळीस हजार शिल्लक आहेत आणि दर महिना साडेतीन टक्के आहे. महिन्याचे व्याज चौदाशे रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी दोनशे बावन्न. घरच्या माणसाने प्रामाणिकपणे दोन हजार भरले, तर त्यांतील सोळाशे बावन्न व्याजात व करात गेले आणि मुद्दल फिटले ते तीनशे अठ्ठेचाळीस. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली असे ठरविले होते की वर्षाला तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे हा अनुचित व्यवहार होय; परंतु २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तेव्हा त्या बाजूने आता संरक्षण नाही. पूर्वीच्या सावकारास आपण कीर्तनात नावे ठेवतो; त्याच्या वहीतले आकडे आज कोणी काढून पाहिले तर कित्येक सावकार कार्डापुढे सौम्य ठरतील.

ऋणाच्या या प्रश्नावर आपल्या परंपरेत तुकोबांच्या चरित्राइतके बोलके उदाहरण दुसरे नाही, आणि ते बहुधा अर्धेच सांगितले जाते. तुकोबांचे घराणे महाजनकीचे. लोकांकडून येणे असलेली खते घरात होती. दुष्काळात घर खचले, आणि पुढे विरक्ती आल्यावर ती खते त्यांनी इंद्रायणीत सोडली, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु परंपरेने चालत आलेल्या कथेत एक बारीक गोष्ट आहे. धाकटे बंधू कान्होबा यांस संसार चालवावयाचा होता. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन भाग केले, कान्होबांचा भाग त्यांच्या स्वाधीन केला आणि केवळ आपला भाग डोहात टाकला. ज्या पुरुषाला सोने व माती सारखी होती, त्याने देखील भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आपले सोडावयाचा अधिकार आपल्याला, भावाच्या पोटापाण्याचे सोडावयाचा नाही, एवढा विवेक त्या विरक्तीतही होता.

दुसरी कथा याच्या उलट बाजूची. महिपतींनी ती सांगितली आहे. घरात उपासमार चाललेली पाहून जिजाईने आपल्या स्वतःच्या नावाने खत लिहून दोनशे रुपये कर्ज काढले आणि पतीस व्यापारासाठी दिले. तुकोबांनी माल विकून त्याचे अडीचशे केले, आणि परतताना वाटेत कर्जापायी अडकलेला एक ब्राह्मण भेटला, त्यास ते सर्व देऊन टाकले. ही कथा कीर्तनात रंगते तेव्हा जिजाईच्या संतापावर हशा पिकतो. आम्हास मात्र तो हशा कधी रुचला नाही. संतांची कृती व्यवहाराच्या तराजूत घालण्याचा आमचा अधिकार नाही, आणि संकटातील मनुष्यास सोडविणे हे थोरच कृत्य होय. पण खतावर नाव जिजाईचे होते. सावकाराला तोंड द्यावयाचे ते तिला. तिने अन्न मिळविण्यासाठी आपली पत गहाण टाकली आणि ती पत, तिला न विचारता, परोपकारात खर्च झाली. आजच्या भाषेत सांगावयाचे तर मूळ धारक ती होती आणि जोडकार्ड पतीपाशी होते. तिने आरडाओरडा केला असेल तर तो हिशेबाचा होता, कजागपणाचा नव्हता.

येथे कोणी म्हणेल की, खर्च चांगल्या कामासाठी आहे की वाईट, यावर सर्व अवलंबून नाही काय? काही अंशी आहे. याज्ञवल्क्यानेच पित्याच्या ऋणातून पुत्राची सुटका कोणत्या बाबतीत होते ते सांगितले आहे: मद्यासाठी, विषयसेवनासाठी, द्यूतासाठी केलेले ऋण, दंड व शुल्क यांची बाकी, आणि वृथा दान. एरवी पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई आणि इंग्रजांच्या अमदानीपासून न्यायालयेही ते मानीत आली. परंतु हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली जी दुरुस्ती झाली, तिने केवळ धर्मकर्तव्य म्हणून पुत्राकडून अशी वसुली करण्याचा सावकाराचा हक्क काढून टाकला. आता कायद्याने मुलगा बापाचे ऋण आपल्या खिशातून देणे लागत नाही, जे काही द्यावयाचे ते बापाच्या मालमत्तेतून.

गंमत अशी की कायद्याने एक दार बंद केले आणि कार्डाने दुसरे उघडले, आणि तेही उलट्या दिशेचे. आता बाप मुलाचे ऋण देणे लागतो. नागपूरला किंवा पुण्याला शिकावयास गेलेल्या मुलाला अडीनडीस असू द्यावे म्हणून बाप जोडकार्ड देतो. मुलाने त्यावर पुस्तके घेतली, दवाखान्याचे बिल दिले, तर ते कुटुंबासाठी केलेले ऋण. पण समजा त्याने मोबाइलवरील पैशांच्या खेळात ते उडविले. असे खेळ २०२५ साली संसदेने कायदा करून बंद केले, तथापि द्यूताची इच्छा कायद्याने बंद होत नाही. याज्ञवल्क्याच्या न्यायाने हे ऋण बापाने देऊ नये. बँकेच्या न्यायाने बापानेच द्यावे. येथे आमचे मत असे की बापाने बँकेचे देणे बिनतक्रार द्यावे, कारण शब्द त्याने दिला आहे आणि बँकेस मुलाच्या दुर्गुणाशी कर्तव्य नाही. परंतु त्यामुळे मुलाचे ऋण फिटले असे मुळीच होत नाही. ते बँकेकडून बापाकडे आले, एवढेच. पुष्कळ घरांत या ठिकाणी मोठी चूक घडते. अब्रू जाऊ नये म्हणून बाप गुपचूप भरतो, आईस सांगत नाही, मुलाशी महिनाभर अबोला धरतो आणि मग विषय पुरतो. अबोला ही काही वसुली नव्हे. मुलगा मिळवू लागल्यावर थोडे थोडे करून त्याने ते बापास परत द्यावे, आणि बापाने ते मोजून घ्यावे. मोजून घेण्यात कठोरपणा नाही. न घेण्यानेच मुलास वाटते की घरचे ऋण हे ऋण नसते.

इथवर आम्ही पत देणाऱ्याची बाजू मांडली. परंतु पत घेणाऱ्याचीही एक बाजू आहे आणि आमच्या मते ती अधिक नाजूक आहे. जोडकार्डावर पाच रुपयांची वस्तू घेतली तरी तिची वार्ता मूळ धारकाच्या फोनवर तत्काळ जाऊ शकते. पती कचेरीत बसलेला असतो आणि पत्नी बाजारात कोणत्या दुकानात उभी आहे, किती वाजता, किती रुपयांचे घेतले, हे त्याला कळत असते. संध्याकाळी तो विचारतो, "ते चारशे ऐंशी कसले?" प्रश्न साधाच असतो, परंतु तो रोज विचारला गेला म्हणजे बाईला आपण घरची स्वामिनी आहोत की दुकानातली नोकर, असा संशय येऊ लागतो. म्हातारे आईवडील तर याहून हळवे. मुलगा दूरच्या शहरातून मोठ्या प्रेमाने कार्ड पाठवितो, "बाबा, औषधाला मागेपुढे पाहू नका" म्हणतो. आणि प्रत्येक गोळीची वार्ता त्याच्याकडे जाते हे कळल्यावर बाबा ते कार्ड कपाटात ठेवून पेन्शनीतून अर्ध्याच गोळ्या आणतात. असे वृद्ध आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना कोणी काही बोललेले नसते. केवळ कोणाला तरी दिसते आहे, एवढ्याने त्यांचा हात आखडतो.

हा भेद व्यवस्था करणाऱ्यांच्याही ध्यानात आलेला दिसतो. २०२४ साली यूपीआयमध्ये सर्कल नावाची सोय निघाली. तीत खातेदार घरातील दुसऱ्यास आपल्या खात्यातून पैसे देऊ देतो, आणि ते दोन प्रकारांनी. एका प्रकारात दर वेळी खातेदाराने मंजुरी दिल्यावरच पैसे जातात. दुसऱ्या प्रकारात महिन्याची एक रक्कम ठरवून दिली की, त्या मर्यादेत पुन्हा विचारावे लागत नाही. ही मर्यादा महिन्याला पंधरा हजारांपर्यंत व एका वेळेस पाच हजारांपर्यंत ठेवलेली होती. लहान मुलाला पहिला प्रकार शोभतो. पत्नीला किंवा वडिलांना पहिला प्रकार देणे हे आम्हास अपमानास्पद वाटते. विवाहात वर जी प्रतिज्ञा करतो ती धर्म, अर्थ आणि काम या तिहींत पत्नीस डावलून न वागण्याची आहे. त्यात अर्थ हा शब्द स्पष्ट आहे. दर खरेदीस जिला हात पुढे करून थांबावे लागते, तिला अर्थात डावललेलेच आहे. काय आणले हे दररोज विचारू नये. किती ऋण झाले हे मात्र दोघांनी महिन्यातून एकदा, बिल आले की, समोरासमोर बसून पाहावे. पहिली पाळत झाली, दुसरा हिशेब. आणि हा हिशेब दोन्ही बाजूंनी असावा. पतीने स्वतःच्या कार्डावर काय केले हे पत्नीस दिसत नसेल आणि तिचे मात्र त्याला दिसत असेल, तर त्यास हिशेब म्हणता येणार नाही.

याच संबंधात आणखी एक गोष्ट. जोडकार्ड मिळाले म्हणजे स्त्रीला पत मिळाली असा समज आहे, तो खरा नव्हे. तिला पतीची पत वापरावयास मिळाली. अमेरिकेत १९७४ साली कायदा होईपर्यंत तेथील सावकार विवाहित स्त्रीस स्वतःच्या नावाने उधारी देण्यास पुष्कळदा नकार देत आणि पतीची सही मागत; त्या कायद्याने स्त्री म्हणून किंवा विवाहित म्हणून असा भेद करणे बेकायदेशीर ठरले. आपल्याकडे तसा नकार नाही, परंतु जिला पगार नाही तिला बँक सहसा विचारीत नाही. आम्हा पुरोहितांच्या घरांसही तोच अनुभव. दक्षिणेच्या मिळकतीचा पगारकागद नसतो. मात्र स्वतःच्या नावाची मुदत ठेव तारण ठेवून तिच्यावर स्वतंत्र कार्ड देणाऱ्या बँका आहेत. मुलीच्या लग्नात जे रोख स्त्रीधन दिले जाते त्याची तिच्याच नावाने ठेव करावी. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, पती तिचा केवळ विश्वस्त, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलेले आहे. मग तिला आपली पत आपल्या नावाने उभी करता येईल, आणि पतीचे कार्ड तिने वापरले तर ते गरजेपोटी नव्हे, आपखुशीने.

कार्ड न जोडता नुसते आपले कार्ड व गुप्त आकडा घरच्याला देऊन टाकण्याची जी सर्रास चाल आहे, तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. बंगळुरूच्या एका महिलेने २०१३ साली, बाळंतपणाच्या रजेवर असता, आपले एटीएम कार्ड व आकडा देऊन पतीस पंचवीस हजार काढावयास पाठविले. पावती आली, पैसे आले नाहीत. बँकेने म्हटले की गुप्त आकडा दुसऱ्यास देणे नियमाविरुद्ध आहे, आणि २०१८ साली ग्राहक न्यायमंचानेही बँकेच्याच बाजूने निकाल दिला. पती आणि पत्नी देवापुढे एक असतील. यंत्रापुढे दोन आहेत. ज्यास द्यावयाचे त्याच्या नावाने रीतसर कार्ड घ्यावे.

आता ज्या प्रश्नामुळे या लेखाचा विचार मनात अधिक घोळला तो सांगतो. गेल्या उत्सवात अन्नदानाची देणगी देण्यासाठी एक काकू आल्या. पतीच्या खात्यावरील जोडकार्डाने त्यांनी रक्कम दिली आणि मग हळूच विचारले, "हे पैसे त्यांचे, तेही अजून बँकेला द्यायचेच आहेत. मग पुण्य कोणाला? मला, त्यांना, की बँकेला?" भोवतालची मंडळी हसली. त्या हसत नव्हत्या. घरी सांगितलेले नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

वडिलांनी त्यांना आपस्तंबाचे वचन सांगितले. पती घरी नसता प्रसंगाने केलेले दान ही चोरी नव्हे, आणि पुण्याच्या फळात दोघांचा वाटा आहे. त्याने त्यांचे अर्धे समाधान झाले. उरलेले अर्धे या उधारीचे होते, आणि त्यासाठी सूत्रात उत्तर नाही, कारण सूत्रकाराने डब्यातले दान कल्पिले होते, उसन्याचे नव्हे. वडील म्हणाले, "काकू, संकल्प सोडताना यजमान पाणी सोडतो आणि पत्नी त्याच्या हाताला हात लावते, तेव्हा दोघांना ठाऊक असते की पाणी कशासाठी सोडले. हेही त्यांना ठाऊक असू द्या." रक्कम त्यांनी परत केली नाही व काकूंनीही ती मागितली नाही. पावती कोणाच्या नावाने लिहावी असे आम्ही विचारले, तेव्हा काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या की दोघांची नावे लिहा, पण आज देऊ नका. रविवारी ते बरोबर येतील तेव्हा त्यांच्या हाती द्या. पावती आम्ही पुस्तकातच ठेवली. रविवारी दोघे आले.